धक्का जाणवला का? संगणकाला उत्तर कसे कळते

पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी या तालुक्यांतील मुलांना भूकंप ही गोष्ट केवळ भूगोलाच्या पुस्तकातून शिकावी लागली नाही. 2018 च्या नोव्हेंबर महिन्यापासून धुंदलवाडी, हळदपाडा, दापचरी, आंबोली या परिसरात जमिनीला लहान लहान धक्के बसू लागले. रात्री-अपरात्री जमिनीच्या पोटातून गडगडल्यासारखा आवाज यायचा, फळीवरची भांडी खडखडायची आणि काही सेकंदांत सारे शांत व्हायचे. 1 फेब्रुवारी 2019 रोजी बसलेल्या एका धक्क्याचे परिमाण 4.1 होते. त्या दिवशी घाबरून घराबाहेर धावताना पडल्यामुळे एका लहान मुलीला प्राण गमवावे लागले. ऐन थंडीत लोक घराबाहेर झोपू लागले. पुढे लहानमोठ्या धक्क्यांची संख्या हजारोंवर गेली. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने आणि राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राने या भागात भूकंपमापक यंत्रे बसवली.

अशा भूकंपमालिका बहुधा मोठा भूकंप न होताच हळूहळू विरून जातात. पण किल्लारीला 30 सप्टेंबर 1993 च्या विनाशकारी भूकंपाआधी, 1992 च्या उत्तरार्धात, असेच लहान धक्के बसले होते, हेही विसरून चालत नाही. म्हणून लहान धक्क्यांचीसुद्धा नीट नोंद ठेवावी लागते.

आता तुम्ही म्हणाल, नोंद तर यंत्र ठेवतेच. माणसाने काय करायचे? येथे दोन शब्दांतील फरक ध्यानात घ्या. भूकंपाचे परिमाण म्हणजे त्यातून मोकळ्या झालेल्या ऊर्जेचे माप. ते एका भूकंपाला एकच असते. तीव्रता म्हणजे एखाद्या ठिकाणी तो किती जोराने जाणवला व त्याने काय केले, याचे माप. ती गावोगावी, किंबहुना पाड्यापाड्यावर वेगळी असते. वर्तमानपत्रांत हे दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात, त्यामुळे घोटाळा होतो. कारवीच्या कुडाचे हलके घर आणि मातीत रचलेल्या विटांची भिंत एकाच धक्क्याने सारखी हलत नाहीत. खडकावरचे घर आणि ओढ्याकाठच्या भरावावरचे घर यांतही फरक पडतो. मरकॅली याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तीव्रतेच्या मापनश्रेणीत 1 ते 12 पायऱ्या आहेत आणि त्यांतील खालच्या पायऱ्या ठरतात त्या माणसांच्या उत्तरांवरून: झोपेतून जाग आली का? टांगलेला दिवा हलला का? भांडी वाजली का? अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून हेच प्रश्न संगणकाच्या जाळ्यावरून लोकांना विचारायला सुरुवात केली. आपल्याकडेही राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र जाणवलेल्या धक्क्यांची माहिती नागरिकांकडून घेते.

समजा, तलासरीतील एखाद्या शाळेच्या संगणककक्षात दहा संगणक आहेत. धक्का नोंदला गेल्याची बातमी आली की प्रत्येक पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट उमटावी: ‘आत्ता धक्का जाणवला का?’ खाली दोन बटणे, ‘जाणवला’ आणि ‘नाही’. ज्याने त्याने आपले बटण दाबावे आणि उत्तर वेळेसह वहीत, म्हणजे संगणकातील एका धारिकेत, जमा व्हावे. पायथॉनसारख्या सोप्या स्क्रिप्ट भाषेत ही आज्ञावली तीस-चाळीस ओळींत लिहिता येते. पण ‘बटण दाबले गेले, हे माझ्या आज्ञावलीला कळणार कसे?’ हा प्रश्न पहिल्याच दिवशी आडवा येतो. या लेखाचा विषय तोच आहे.

त्याआधी एक खुलासा. ही चौकट म्हणजे भूकंपाचा इशारा नव्हे, आणि या भागासाठी ती तशी होऊही शकत नाही. हिशोब करून पाहा. भूकंपाची पहिली, प्राथमिक लाट कठीण खडकातून सेकंदाला सुमारे 6 किलोमीटर वेगाने धावते. जास्त हादरवणारी दुय्यम लाट सुमारे 3.5 किलोमीटरने. नाभी 10 किलोमीटरवर असेल तर पहिली लाट 1.7 सेकंदांत पोचते आणि दुसरी 2.9 सेकंदांत. मधे उरतो जेमतेम 1.2 सेकंद. तेवढ्यात यंत्राने ओळखायचे, संगणकाने चौकट दाखवायची आणि तुम्ही ती वाचून टेबलाखाली शिरायचे! डहाणू-तलासरीचे धक्के उथळ व अगदी जवळचे असल्यामुळे चौकट उमटेपर्यंत हादरा बसून गेलेला असतो. नाभी 100 किलोमीटर दूर असती तर सुमारे 12 सेकंद मिळाले असते. जपानमधील पूर्वसूचना यंत्रणा अशाच अंतरांचा फायदा घेते. आपली चौकट फक्त प्रश्न विचारते. धक्का बसला की आधी सुरक्षित जागा, मग संगणक.

गिरणी आणि हाक

पिठाच्या गिरणीत दळणाचा डबा ठेवायला गेलात की पुढे दोन मार्ग असतात. एक, तेथेच थांबून दर मिनिटाला विचारायचे, ‘काका, झालं का?’ दुसरा, डबा ठेवून सांगायचे, ‘झालं की हाक मारा, मी समोरच आहे.’ पहिल्या मार्गात तुमचा वेळ जातो आणि काकांचे डोके उठते. दुसऱ्यात तुम्ही तेवढ्यात भाजी आणू शकता.

संगणकाच्या आज्ञावलीपुढेही हेच दोन मार्ग असतात. पहिल्यात ती पुन्हापुन्हा विचारत राहते: बटण दाबले का? आता? आता? सेकंदाला हजारो वेळा. याने संगणक तापतो, वीज जाते आणि काम काहीच होत नाही. दुसऱ्यात ती आपल्या एका फंक्शनचे नाव देऊन मोकळी होते. फंक्शन म्हणजे नाव दिलेला आज्ञांचा छोटा गट. ‘जाणवला हे बटण दाबले गेले की माझ्या या फंक्शनला हाक मार,’ असे सांगून ठेवायचे. अशा रीतीने दुसऱ्याच्या स्वाधीन केलेल्या फंक्शनला कॉलबॅक म्हणतात. आपण त्याला उलट हाक म्हणू. एरवी आपण फंक्शन बोलावतो. येथे ते केव्हा बोलावायचे हे दुसरा कोणी ठरवतो.

भूकंपविज्ञानात ही पद्धत जागोजागी दिसते. पायथॉनमध्ये ऑब्स्पाय नावाची लायब्ररी आहे. लायब्ररी म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेल्या तयार फंक्शनांचा संच. दूरच्या भूकंपमापकाकडून आलेखाचा प्रवाह घेताना ऑब्स्पायला एक फंक्शन नेमून द्यावे लागते, आणि आलेखाचा नवा तुकडा आला की ती त्याला हाक मारते. मापक केव्हा काय पाठवील हे कोणाला ठाऊक असणार?

आता नवशिक्याची हमखास फसगत होते ती जागा पाहू. पायथॉनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून फंक्शनची नावे देवनागरीत ठेवता येतात. भाषेचे राखीव शब्द तेवढे रोमन राहतात. आपल्या फंक्शनचे नाव ‘नोंद_घे’ आहे असे समजा, आणि या दोन ओळी शेजारी-शेजारी ठेवा:

बटण_जोड("जाणवला", नोंद_घे)

बटण_जोड("जाणवला", नोंद_घे())

फरक फक्त एका रिकाम्या कंसाचा. पहिल्या ओळीत आपण फंक्शनचे नाव दिले: याला हाक मार. दुसऱ्या ओळीत कंसामुळे फंक्शन तिथल्या तिथे चालले! नोंद ताबडतोब झाली, तीही कोणी बटण दाबण्याआधी, आणि बटणाला जोडले गेले ते त्या फंक्शनचे उत्तर, म्हणजे बहुधा शून्यवत काहीतरी. गिरणीवाल्याला आपले नाव सांगण्याऐवजी आपणच तेथे उभे राहून स्वतःला हाक मारावी, तसा हा प्रकार. परिणाम असा की चौकट उमटायच्या आधीच वहीत ‘जाणवला’ची नोंद पडलेली दिसते. शिक्षकांनी ही चूक वर्गात मुद्दाम करून दाखवावी; समजावून सांगण्यापेक्षा त्याने जास्त लक्षात राहते.

चौकट कोणाची?

पडद्यावर उमटलेली चौकट आपल्या आज्ञावलीने काढली असे आपल्याला वाटते. तसे नसते. लिनक्स प्रकारच्या संगणकांवर, आणि आपल्या सी-डॅक संस्थेने तयार केलेली बॉस ही कार्यप्रणाली त्याच कुळातली आहे, सूचना दाखवण्याचे काम एका स्वतंत्र आज्ञावलीकडे सोपवलेले असते. तिला आपण सूचनाघर म्हणू. आपली आज्ञावली सूचनाघराला निरोप धाडते: हे शीर्षक, हा मजकूर, ही दोन बटणे. निरोपांची ने-आण करणारी संगणकातील टपालव्यवस्था म्हणजे डी-बस. ग्नोम, केडीई अशा निरनिराळ्या पडदाव्यवस्थांनी या निरोपांचे एकच नियम मान्य केले आहेत, म्हणून एकदा लिहिलेली आज्ञावली सगळीकडे चालते. निदान चालायला हवी.

निरोप मिळताच सूचनाघर उलट टपाली एक क्रमांक कळवते, समजा 47. ही त्या चौकटीची पावती. पुढे कोणी ‘जाणवला’ दाबले की सूचनाघर पुकारा करते: ‘क्रमांक 47, बटण जाणवला.’ हा पुकारा सर्वांसाठी असतो, म्हणजे ऐकत असलेली प्रत्येक आज्ञावली तो ऐकू शकते. डहाणू रोड स्थानकावर एका गाडीची घोषणा फलाटावरच्या सर्वांना ऐकू येते, पण ज्याला ती गाडी हवी तोच उठतो. तसेच येथे होते. लायब्ररी आपल्याजवळ एक हजेरीपट ठेवते: कोणत्या क्रमांकाच्या चौकटीच्या कोणत्या बटणाला कोणते फंक्शन. पुकाऱ्यातील क्रमांक पटावर सापडला तर त्या फंक्शनला हाक जाते. नाही सापडला तर ‘ही दुसऱ्या कोणाची तरी चौकट’ असे समजून ती गप्प बसते. पायथॉनमधील नोटिफाय-टू ही लायब्ररी याच पद्धतीने बांधली आहे. ती आता जुनी झाली आणि नवीन कामाला तिच्याऐवजी दुसऱ्या लायब्रऱ्या वापरतात, पण शिकण्यासाठी ती छान आहे. छोटी आहे आणि तिचे पोट उघडून पाहता येते.

चौकट एका घरात आणि तिचे उत्तर ऐकणारा दुसऱ्या घरात, ही गोष्ट पक्की लक्षात ठेवली की पुढच्या बऱ्याच अडचणी आपोआप उलगडतात.

बटण दाबले, पण काहीच झाले नाही

शाळेतल्या मुलांनी आज्ञावली लिहिली. चौकट झकास उमटली. बटण दाबले, चौकट नाहीशी झाली. वही उघडून पाहिली तर ती कोरी! संगणकाने चूकही दाखवली नाही. असे का झाले असेल?

पहिली शक्यता अशी की आज्ञावली केव्हाच संपली होती. ‘चौकट दाखव’ या शेवटच्या ओळीनंतर तिला काही काम उरले नाही, म्हणून ती बंद झाली. चौकट मात्र सूचनाघराची असल्यामुळे पडद्यावर राहिली. बटण दाबताच पुकारा झाला, पण ऐकायला कोणीच नव्हते. डबा गिरणीत ठेवून गिऱ्हाईक गावाला निघून गेले, तर हाक कोण ऐकणार?

यावर बरीच मुले एक तोडगा काढतात: शेवटी ‘साठ सेकंद झोप’ अशी आज्ञा घालतात. आज्ञावली जिवंत तर राहते, तरीही वही कोरीच. झोपलेला माणूस घरात असतो, पण हाकेला ओ देत नाही. आज्ञावलीला झोपवायचे नसते. दाराशी कान देऊन बसवायचे असते. या कान देऊन बसण्याला मुख्य चक्र, म्हणजे मेन लूप, म्हणतात. चक्र एवढेच करते: टपाल आले का? नसेल तर स्वस्थ थांब. आले तर पत्ता पाहा, योग्य फंक्शनला हाक मार, ते परतले की पुन्हा दाराशी बस. हे वाट पाहणे मघाच्या ‘झालं का, झालं का’ सारखे नव्हे. टपाल येईपर्यंत कार्यप्रणाली चक्राला खरोखर विश्रांती देते, म्हणून वीज वाया जात नाही. नोटिफाय-टूला सुरुवातीलाच कोणते चक्र वापरायचे ते सांगावे लागते; बहुधा ते ग्लिब नावाच्या लायब्ररीचे असते. ते सांगितलेच नाही तर चौकट दिसते, पण उलट हाक कधी येत नाही.

दुसरी शक्यता जास्त लबाड आहे. आज्ञावली जिवंत आहे, चक्र चालू आहे, आणि तरीही हाक पोचत नाही. येथे जुन्या काळातील एक रीत आठवते. घरोघरी दूरध्वनी नव्हते तेव्हा लोक शेजाऱ्याचा क्रमांक देत आणि पुढे ‘पी. पी.’ असे लिहीत. फोन आला की शेजारी खिडकीतून हाक मारायचा. आता समजा, तुम्ही घर सोडून गेलात आणि शेजाऱ्याकडे तुमचा पत्ता उरला नाही. फोन वाजेल, शेजारी उचलेल, पण हाक कोणाला मारणार?

पायथॉनमध्ये नेमके असे होऊ शकते. ज्या वस्तूला आज्ञावलीत कोणतेही नाव उरले नाही ती पायथॉन निरुपयोगी समजून आपोआप काढून टाकतो. स्मरणकोश स्वच्छ ठेवण्याची ही एरवी चांगली सवय. पण आपण एखाद्या फंक्शनच्या आत चौकट तयार केली, दाखवली आणि फंक्शन संपले, की चौकटीला आत दिलेले नावही संपते. आपल्या बाजूची नोंद, आणि तिच्याबरोबर उलट हाकेचा पत्ता, कचऱ्यात जातो. सूचनाघराकडची चौकट तशीच हसत उभी! नोटिफाय-टू आपल्या हजेरीपटात चौकटीची वस्तू धरून ठेवते, म्हणून तेथे हे सहसा घडत नाही. पण लिबनोटिफाय ही मूळ सी भाषेतील लायब्ररी पायथॉनमधून थेट वापरली तर ही काळजी आपल्यालाच घ्यावी लागते. उपाय एका ओळीचा आहे. ‘उघड्या_चौकटी’ अशी एक यादी करावी, प्रत्येक चौकट तिच्यात ठेवावी आणि उत्तर आल्यावरच काढावी.

तिसरी शक्यता म्हणजे बटण दिसलेच नाही. सूचनाघराने बटणे दाखवलीच पाहिजेत अशी नियमावलीची सक्ती नाही. 2009 मध्ये उबुंटू या प्रणालीने आणलेल्या सूचनाघरात बटणे मुद्दाम ठेवलेली नव्हती. म्हणून शहाणी आज्ञावली आधी विचारते, ‘तुला काय काय येते?’ उत्तरात बटणांचा उल्लेख नसेल तर ती प्रश्न दुसऱ्या मार्गाने, सरळ मोठी खिडकी उघडून, विचारते.

न बोलणे म्हणजे ‘नाही’ नव्हे

आता सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे येऊ. चौकटीवर दोन बटणे आहेत, पण शक्यता दोनच नाहीत. कोणी बटण न दाबता चौकट नुसती बंद करील. कोणी जागेवरच नसेल आणि चौकट वेळ संपून आपोआप जाईल. आपली आज्ञावली स्वतःच ती मागे घेईल. म्हणून बटणाच्या हाकेखेरीज सूचनाघर आणखी एक पुकारा करते: ‘क्रमांक 47 बंद झाली,’ आणि सोबत कारणाचा आकडा देते. 1 म्हणजे वेळ संपली, 2 म्हणजे माणसाने बंद केली, 3 म्हणजे आज्ञावलीच्या विनंतीवरून बंद केली, 4 म्हणजे कारण ठरलेले नाही. काही लायब्रऱ्या हे कारण आपल्यापर्यंत पोचवतात, काही मधेच गिळून टाकतात. लायब्ररी निवडताना हे तपासावे.

हा आकडा क्षुल्लक वाटेल, पण पाहा. दुपारी मधल्या सुट्टीत धक्का बसला. दहापैकी दोन संगणकांपुढे मुले होती आणि दोघांनीही ‘जाणवला’ दाबले. उरलेले आठ बाहेर मैदानात, त्यांच्या चौकटी वेळ संपून गेल्या. ज्या आज्ञावलीत ‘जाणवला नाही म्हणजे नाही’ असे गृहीत धरले आहे, ती वहीत लिहील: दोन होय, आठ नाही. तीव्रता ठरवणाऱ्याला वाटेल की येथे बहुतेकांना काही कळलेच नाही. खरे उत्तर होते: विचारले दहांना, बोलले दोन, दोघांनाही जाणवला. आणि गंमत अशी की धक्का जितका जोराचा तितके लोक जागा सोडून पळणार, म्हणजे तितकी उत्तरे कमी! अशी आज्ञावली मोठ्या धक्क्याला लहान ठरवील. म्हणून वहीत रकाने तीन हवेत: होय, नाही, उत्तर नाही. आणि ‘माणसाने बंद केली’ व ‘वेळ संपली’ हेही वेगळे लिहावे, कारण पहिल्यात समोर कोणीतरी होते हे तरी कळते. चौकटीला निकड सांगण्याची सोय असते; ‘अतिनिकडीची’ चौकट आपोआप जाऊ नये असा संकेत आहे. आपल्या प्रश्नासाठी ती वापरण्याचा मोह होईल. माझ्या मते वापरू नये. तो दर्जा खऱ्या संकटासाठी राखलेला बरा.

आणखी एक पेच येथेच आहे. बटण दाबले की चौकट बंदही होते. म्हणजे दोन हाका येतात: आधी ‘जाणवला’ची, पाठोपाठ ‘बंद झाली’ची, आणि दुसरीचे कारण बहुधा 2 असते. ‘बंद झाली’ला जोडलेल्या फंक्शनने डोळे मिटून ‘उत्तर नाही’ लिहिले, तर नुकतेच आलेले उत्तर पुसले जाईल. म्हणून त्या फंक्शनने प्रथम पाहावे: या क्रमांकाचे उत्तर आधीच आले आहे का? असेल तर काही न करता परत फिरावे. ज्या क्रमाने हाका येतात त्या क्रमावर फार विसंबूही नये. निरनिराळी सूचनाघरे निरनिराळ्या हातांनी लिहिलेली आहेत.

उलट हाकेला ओ देणाऱ्या फंक्शनने काम झटपट उरकावे, हे वेगळे सांगायला नको. ते चालू असेपर्यंत मुख्य चक्र अडकून राहते. दाराशी कोणी नसते. उत्तर आले की लगेच ते जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवावे असे वाटेल. पण जाळे संथ असेल तर पाठवायला अर्धा मिनिट लागेल आणि तेवढ्यात आलेली इतर उत्तरे तिष्ठत राहतील. फंक्शनने फक्त वहीत ओळ लिहावी व परतावे. पाठवण्याचे काम नंतर, सवडीने, वेगळ्या फंक्शनने करावे. भूकंपानंतर वीज किंवा जाळे गेले तरी वहीतली ओळ शाबूत राहते, हा आणखी एक फायदा.

करून पाहा

संगणक नसला तरी हा खेळ वर्गात खेळता येतो. एकाने सूचनाघर व्हावे, एकाने टपालवाला, चौघांनी आज्ञावल्या. प्रत्येक आज्ञावलीने चिठ्ठीवर प्रश्न व बटणे लिहून सूचनाघराकडे पाठवावी, क्रमांक घ्यावा आणि आपल्या पटावर टिपावा. बाकीच्या मुलांनी चिठ्ठ्यांवर बोट ठेवून उत्तरे द्यावीत. सूचनाघराने पुकारा करावा. एका आज्ञावलीला मधेच पाठ फिरवून झोपायला सांगा, दुसरीचा पट लपवून ठेवा, आणि कोणकोणती उत्तरे हरवली ते फळ्यावर लिहा.

ज्यांच्याजवळ संगणक आहे त्यांच्यासाठी एक कोडे. सूचनाघराला जुन्या चौकटीचा क्रमांक देऊन ‘हिच्या जागी नवा मजकूर दाखव’ असे सांगता येते. तेव्हा क्रमांक तोच राहतो. डहाणू-तलासरीत एकापाठोपाठ धक्के बसतात. समजा, 10 वाजून 5 मिनिटांच्या धक्क्याचा प्रश्न चौकट क्रमांक 47 मध्ये पडद्यावर आहे. मुलीचा हात बटणाकडे जात असतानाच 10 वाजून 6 मिनिटांचा धक्का नोंदला गेला आणि 47 मधील मजकूर बदलला. त्याच क्षणी तिने ‘जाणवला’ दाबले. पुकारा झाला: ‘47, जाणवला.’ हे उत्तर कोणत्या धक्क्याचे मानायचे? आणि असा प्रश्नच उद्भवू नये म्हणून आज्ञावलीत कोणती एक गोष्ट बदलाल?